ओळख तुम्ही दाखवायची

"बाहेर कुठे भेटलो, तर ओळख तुम्ही दाखवायची. मी दाखवणार नाही. राग मानू नका."

हे वाक्य अक्का जर्मनमध्ये बोलायच्या, इंग्रजीत बोलायच्या, थोडं तुर्कीतही त्यांनी पाठ केलं होतं. मराठीत ते ऐकण्याची वेळ फार थोड्यांवर आली, आणि ज्यांच्यावर आली ते कधी सांगणार नाहीत. मी त्यांतलीच एक. मी सांगते आहे, कारण माझं नाव तुम्हाला ठाऊक नाही आणि अक्कांचं मी सांगणार नाही.

कोलोनला आमच्या वरच्या मजल्यावर त्या राहायच्या. मिरजेला नर्सिंग शिकून तरुणपणी जर्मनीत आल्या आणि तिथल्याच झाल्या. लग्न केलं नाही. मी त्यांना पाहिलं तेव्हा साठीला टेकल्या होत्या, केस कापलेले, आणि जाड ओव्हरकोटाखाली सुती साडी. शहराच्या आरोग्य खात्यात, म्हणजे गेझुंडहाइट्सआम्टमध्ये, शरीरसंबंधांतून पसरणाऱ्या रोगांचा जो विभाग असतो, तिथे त्या कामाला होत्या. तिथे नाव विचारत नाहीत. यायचं, तपासून घ्यायचं, सल्ला घ्यायचा, पैसे द्यायचे नाहीत. निकाल मात्र फोनवर मिळत नाही, समोर बसूनच ऐकावा लागतो. तो समोर बसवून सांगणं हे अक्कांचं काम.

हे काम त्यांनी ऑफिसच्या दाराशी सोडलं असतं तर प्रश्न नव्हता. त्यांनी ते रस्त्यावर आणलं होतं. लांबून ओळखीचं कुणी येताना दिसलं, की अक्का झटकन वळून जवळच्या दुकानाची काच बघत राहायच्या. दुकान कशाचं आहे याच्याशी काही संबंध नाही. एकदा त्या कर्णयंत्रांच्या दुकानासमोर इतका वेळ उभ्या राहिल्या की आतला माणूस बाहेर आला आणि त्यांच्या कानाशी येऊन मोठ्याने विचारू लागला, काही मदत हवी आहे का. अक्कांनी त्याला तितक्याच मोठ्याने सांगितलं, "नको, मला सगळं ऐकू येतं." तो बिचारा आत पळाला.

आमच्या मराठी मंडळात त्यांना 'शिष्ट बाई' म्हणत. गणपतीला मी त्यांना ओढून घेऊन जायचे. त्या कोपऱ्यातली खुर्ची धरायच्या, आरतीला टाळ्या वाजवायच्या, प्रसाद घ्यायच्या आणि सबंध वेळ स्वतःच्या बुटांकडे पाहत बसायच्या. कुणी बोललं तर छान बोलायच्या, अगदी मिरजेच्या ठसक्यात. पण आपण होऊन कुणाला साधा नमस्कार नाही. मला लाज वाटायची, कारण त्यांना आणणारी मी.

शेवटी एका रविवारी मी त्यांच्याकडे कॉफीला गेले आणि फटकन विचारलं, "अक्का, तुम्हाला आमच्या लोकांचा एवढा कंटाळा आहे का?"

"अगं, कंटाळा कसला? पुरणपोळीच्या वासाने आठवडाभर आधीपासून जीव टांगलेला असतो माझा."

"मग बोलत का नाही कुणाशी?"

त्यांनी कप खाली ठेवला. "समज, त्या हॉलमध्ये एक जण माझ्याकडे येऊन गेलेला आहे. मी सगळ्यांना नमस्कार केला आणि त्याला केला, तर त्याची बायको विचारणार, ही बाई तुम्हाला कशी काय ओळखते? सगळ्यांना केला आणि त्याला टाळलं, तरी तो उघडा पडला. म्हणून कुणालाच नाही."

"आणि कुणीच गेलेलं नसेल तर?"

"मग मी उगाच गप्प बसले. चालतं तेही."

हे त्या इतक्या सहज म्हणाल्या की मी टेबलाकडे पाहू लागले. टेबलावर दोन कप होते. मी न सांगता गेले होते आणि तरी दोन कप तयार होते. मग लक्षात आलं, दर रविवारी त्या दोन मांडत असणार. जर्मनीतला रविवार तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते. दुकानं बंद, ड्रिलसुद्धा चालवायचं नाही, जिन्यात पाऊल वाजलं तरी सगळ्या बिल्डिंगला कळतं. अशा शांततेत ही बाई जिन्यातल्या पावलांवर कान ठेवून बसायची.

माणसं जोडायचा त्यांनी प्रयत्नच केला नाही असं मात्र नाही. एका संक्रांतीला त्यांनी बायकांना घरी बोलावलं. बिनलग्नाच्या बाईने हळदीकुंकू करावं का, यावर मंडळात चार दिवस फोनाफोनी झाली आणि अखेर कुतूहल जिंकलं. तिळाच्या वड्या उत्तम होत्या. निघताना अक्कांनी प्रत्येकीला वाण म्हणून स्वतः शिवलेली कापडी पिशवी दिली. पिशवीत साबण, तिळगुळाची पुडी आणि खाली कंडोमचं पाकीट.

वाण उपयोगी वस्तूचं द्यावं, हे त्यांनी लहानपणी ऐकलं होतं. या दृष्टीने पाहिलं तर त्यांचं काय चुकलं? पण पिशवी उघडताच एकीचा चेहरा लाल, दुसरी खोकू लागली, तिसरीने पर्स उघडून त्यात डोकं घातलं. सांगलीहून मुलाकडे आलेल्या एक सासूबाई तेवढ्या शांत होत्या. त्यांनी चष्मा लावून पाकीट उलटसुलट पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, हे होय! आमच्याकडे सरकारी दवाखान्यात फुकट मिळायचं. इकडचं बरं असतं का गं?" सूनबाईंनी त्यांना हाताला धरून कोट घातला. पुढच्या संक्रांतीला अक्कांनी पुन्हा वड्या केल्या. मी एकटी गेले.

रस्त्यात त्यांना हाक मारणाऱ्या बायका होत्या, पण त्या वेगळ्या. अक्का आठवड्यातून एकदा शरीर विकून जगणाऱ्या बायकांकडे जायच्या. त्यांची तपासणी, त्यांची औषधं, त्यांची भांडणं, सगळं ऐकायच्या. एकदा ट्रॅममध्ये मी शेजारी असताना, भडक लिपस्टिक लावलेली एक धिप्पाड बाई सबंध डब्याला ऐकू जाईल अशी "श्वेस्टर!", म्हणजे 'सिस्टर!', म्हणून ओरडत आली आणि अक्कांना तिने कवेतच घेतलं. अक्कांचा चेहरा तेव्हा असा उजळला, जसा आमच्या गणपतीत मी कधी पाहिला नव्हता. ती उतरल्यावर बराच वेळ त्या साडीचा पदर सारखा करत होत्या.

आता माझं. मी अक्कांच्या त्या विभागात तपासणीला का गेले ते सांगूनच टाकते, नाहीतर तुम्ही मनात वाटेल ते जुळवाल. माझा नवरा मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर. कामाच्या एका दौऱ्यावर त्याच्या हातून जे घडलं ते त्याने घरी येऊन स्वतः सांगितलं. किती रडलो, काय फेकलं, ते आमचं आमच्याजवळ राहू दे. पण रडून रक्तातलं कळत नाही. तपासणी दोघांनाही हवी होती. तो त्याच्या वेळेला गेला, मी माझ्या. मी गेले ती भाजी घेऊन परतताना, पिशवीसकट, कारण ठरवून निघाले असते तर दारातूनच मागे फिरले असते.

वाटलं होतं, त्या वेळी दुसरं कुणी असेल. पण खोलीत अक्काच. मी उंबऱ्यातच थिजले. त्यांना माझं नाव ठाऊक, नवऱ्याचं ठाऊक, आमच्या घरात आमटीला कधी फोडणी पडते तेही ठाऊक. त्या उठल्या, खुर्ची पुढे केली आणि म्हणाल्या, "बसा. मी इथली सल्लागार. तुमचं नाव मला नको आहे."

'तुम्ही' म्हणाल्या. त्या एका 'तुम्ही'ने मला बसायला जागा झाली.

तिथे नावाऐवजी नंबर देतात. लोक तो विसरतात, म्हणून अक्कांची आपली एक पद्धत होती. नंबराच्या जोडीला त्या एक शब्द निवडायला सांगत. कुणी फुटबॉल क्लब सांगे, कुणी कुत्र्याचं नाव. मला काही सुचेना. मांडीवर पिशवी होती, तिच्यातून जुडी डोकावत होती. मी म्हटलं, "कोथिंबीर." अक्कांनी ते लिहून घेतलं. सुई टोचताना एवढंच म्हणाल्या, "तिकडे बघा, खिडकीत." आणि उठताना ते वाक्य. बाहेर भेटलो तर ओळख तुम्ही दाखवायची.

निकालाच्या दिवशी मी समोर बसले, शब्द सांगितला. त्यांनी माझा हात हातात घेतला. "काही निघालं नाही. सगळं ठीक आहे. रडा थोडं, मग तोंड धुवा आणि घरी जा." नवऱ्याचंही ठीक निघालं. संसार तुटला नाही, पण पुन्हा शिवायला वेळ लागला.

पण जिन्यात एक नवीनच प्रकार सुरू झाला. मी वर येताना अक्का दिसल्या की त्या भिंतीवरच्या टपालपेट्यांकडे वळायच्या. मी खाली जाताना दिसल्या की गुडघ्यात वाकून बुटाची नाडी बांधायच्या. त्यांच्या बुटांना नाड्या नव्हत्या. मला वाटलं, आपण त्यांच्या मनातून उतरलो. पंधरवडाभर मनात जळत राहिले आणि एका रविवारी दुपारी, झोपेच्या वेळी, सबंध बिल्डिंग उठेल अशी त्यांच्या दारावर थाप मारली.

"माझ्याशी बोलायचं नाही का तुम्हाला? एवढी वाईट झाले मी?"

दार उघडून त्या उभ्या होत्या. डोळे भरलेले. "अगं, मी वाट बघत होते. तू आधी बोलायचीस."

"शेजारीण आहे मी तुमची! जिन्यातसुद्धा?"

"जिन्यातसुद्धा. गेनाऊ, अगदी बरोबर. तुला नको वाटलं असतं तर? माझं तोंड बघितलं की ती खोली आठवली असती तर?" मग नाक पुसून म्हणाल्या, "ये ना आत. कॉफी आहे." दोन कप मांडलेलेच होते.

त्या वर्षीच्या गणपतीत मी हॉलच्या या टोकाहून त्या टोकाला मोठ्याने हाक मारली, "अक्का!" आणि सगळ्यांच्या देखत जाऊन त्यांच्या पाया पडले. अक्का गोंधळल्या, मग माझ्या डोक्यावर हात ठेवून किती तरी वेळ तो काढेचनात. थोड्या वेळाने एक गृहस्थ बायकोमुलांसकट आले. हात जोडून म्हणाले, "नमस्कार. ओळखलंत का?"

"नाही हो," अक्का प्रसन्न हसून म्हणाल्या. "आपण?"

ते गृहस्थ पुन्हा हात जोडून म्हणाले, "काही नाही. वडीलधाऱ्या आहात, म्हणून आलो." मी त्यावरून काही ठरवलं नाही. तुम्हीही ठरवू नका.

पुढे नवऱ्याची नोकरी बदलली आणि आम्ही र्युसेल्सहाइम या दुसऱ्या शहरात गेलो. अक्का निवृत्त झाल्या. फोनवर आधी नावं विसरू लागल्या, मग दिवस. एक दिवस फोन लागला नाही. शोधत शोधत मी कोलोनच्या एका आल्टनहाइमपर्यंत, म्हणजे वृद्धाश्रमापर्यंत पोचले.

तिथली नर्स भली होती. म्हणाली, "त्यांना एकटंच आवडतं. जेवणाच्या खोलीत कुणी आलं की त्या खिडकीकडे तोंड फिरवतात. आम्ही मग त्रास देत नाही."

"एकटं आवडत नाही त्यांना," मी म्हटलं. "आधी आपण बोलायचं असतं."

अक्का खिडकीशी होत्या. मी गेले तशा त्या काचेकडे वळल्या. "अक्का," मी हाक मारली. समोर जाऊन बसले. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. परक्या माणसाकडे पाहावं तितकंच. मी माझं नाव सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं, जिन्याचं, तिळाच्या वड्यांचं सांगितलं. त्या मान हलवत होत्या आणि त्यांना त्यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. मला हुंदका आला. काय करावं सुचेना, म्हणून शेवटी मी म्हटलं,

"कोथिंबीर."

त्यांनी हात पुढे केला. माझा हात त्यात घेतला. मनगट उलटं करून शिरेवर अंगठा ठेवला.

"काही निघालं नाही," त्या म्हणाल्या. "सगळं ठीक आहे. रडा थोडं, मग तोंड धुवा आणि घरी जा."

मी थोडं रडले. जायला उठले तेव्हा त्यांनी हात सोडला नाही. काहीतरी राहिलं होतं, आणि ते त्यांना सापडत नव्हतं.

"बाहेर भेटलो तर..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

"ओळख मी दाखवायची," मी म्हटलं.

त्यांनी समाधानाने मान हलवली, माझा हात सोडला आणि पुन्हा खिडकीकडे वळल्या.