धुरपताबाईची पोती

धुरपताबाई झारेकरणीला विचाराल तर त्या साली लातुरावर तीन संकटं आली: दुष्काळ, नवा जिल्हा आणि तिचा नवरा मारोती. पहिल्या दोघांना तोंड द्यायला सगळं गाव होतं. तिसरं तिच्या एकटीच्या वाट्याचं.

झारेकरणीचं पोट सराफ्यातल्या धुळीवर. सोनाराच्या कानशीतून जे उडतं ते दुकानापुढच्या मातीत पडतं. ती माती झाडून आणायची आणि परातीत पाण्यानं खळखळवायची. माती वाहून जाते, जड असतं ते तळाला बसतं. तळाचा गाळ तेजाबात टाकला की तांबं विरघळून पाणी निळंहिरवं होतं. चांदीही विरघळते, पण त्याच पाण्यात तांब्याची पट्टी सोडली की मुकाट बाहेर येते. सोनं मात्र तेजाबाला दाद देत नाही. तांबं हिरवं पडतं, चांदी काळी पडते, सोनं आहे तसंच राहतं. माणसांत असं कुणी धुरपताबाईला भेटलं नव्हतं, मारोती तर नव्हेच.

पण धुवायला पाणी कुठलं? टँकरपाशी बायका एकमेकींच्या झिंज्या धरत होत्या. तिथं मातीसाठी घागर मागायची तिची छाती नव्हती. म्हणून तिनं वर्षभराची माती पोत्यांत भरून घरामागं रचली. पाऊस पडला की धुवू. लेकीचं, पारूचं लग्न ठरलं होतं. मंगळसूत्राच्या दोन वाट्यांतली एक माहेरची असते, आणि ती वाटी त्या पोत्यांत होती.

तेवढ्यात जिल्हा झाला आणि स्वच्छतेचं वारं सुटलं. धुरपताबाई बाहेर गेलेली असताना कचऱ्याची गाडी दारात आली. मारोतीनं पोती आपल्या हातानं चढवून दिली, वर गाडीवाल्यांना चहा पाजला.

"आवो, काय करून ठिवलं हे?"

"घान व्हती की. जिल्ह्याचं गाव हाय आता, म्हनले सायब."

"तुमच्या लेकीची वाटी व्हती त्यात."

मारोती डोकं खाजवत बसला. या माणसावर चिडायचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, आणि इथं तर पाणीही नव्हतं.

शोधत शोधत गेली तर एका नव्या कचेरीच्या अंगणात ती माती भराव म्हणून पसरलेली. शिपाई उकरू देईना. मग धुरपताबाई तिथंच झाडायच्या कामाला लागली. अशी झाडणारी बाई कचेरीतल्या साहेबानं उभ्या जन्मात पाहिली नव्हती. केर टोपल्यातून घरी न्यायचा, भांडी घासल्याचं पाणी निवळून त्यातच पुन्हा पुन्हा धुवायचा, आणि धुताना मारोतीचा उद्धार करायचा. होता होता अंगण वीतभर खाली गेलं. साहेबानं कपाळाला हात लावला आणि शहाबादी फरशी टाकून घेतली. झालं, माती कायमची फरशीखाली गेली.

तोवर जमलेलं सोनं चिमटीत मावत होतं. शिवमूर्ती सोनारानं ते ताजव्यात टाकलं.

"येवढ्यात वाटी न्हाई व्हत, बाई. तांबं लई घालावं लागंल."

सोनं नुसतं घातलं तर मऊ पडतं, थोडं तांबं लागतंच, हे तिलाही ठाऊक होतं. पण इतकं? जन्मभर तिनं सोन्यातलं तांबं काढलं होतं.

"घाला," ती म्हणाली. "माज्यासमोर घालू नगा."

लग्न झालं. पुढच्या उन्हाळ्यात पारू माहेरी आली, एसटीतून उतरून चालत, घामानं निथळत. तिच्या गळ्यावर, एकाच वाटीखाली, हिरवट डाग होता. धुरपताबाईनं पाण्याच्या तांब्यात पदराचं टोक बुडवून डाग घासायला घेतला.

"सासू काय म्हनली?"

"तिला कुटं ठावं हाय? रोज सकाळी उटल्या उटल्या पुसते म्या."

"पानी नासू नगंस," धुरपताबाई खेकसली, आणि पदर पुन्हा तांब्यात बुडवला.