चिंचेने घासलेला पाव आणा

राजाचं मुंडकं असलेलं जुनं तांब्याचं नाणं मी चिंच-मीठ लावून, काथ्याने खसाखसा घासलं. एवढी अक्कल मला तेव्हा होती, आणि वर तिचा अभिमानही होता.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बुधवारच्या बाजारातून घरी येऊन सुट्टे पैसे मोजले, तर रुपयाच्या जागी हे काळंकुट्ट ध्यान. भाजीवालीच्या नावाने मी बोटं मोडत होते, तेवढ्यात शेजारीण डोकावली. "अहो, पाव आणा आहे हा! फेकू नका, असल्याचे हजारो मिळतात. लोहचुंबक लावा, चिकटला तर खोटा."

लावलं. नाही चिकटला. तांबं कशाला चिकटतंय! पण मला वाटलं, लक्ष्मीच आली घरी.

हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "वाण्याकडे ने. काडेपेटी देतो का बघ."

ह्यांचं काय जातंय बोलायला? मला साड्यांना पिको-फॉल करायचं मशीन हवं होतं. गल्लीतल्या बायका साड्या घेऊन दारात उभ्या राहायला तयार होत्या, आणि ह्यांचं आपलं दर वर्षी, "पुढच्या दिवाळीला बघू." म्हणून त्या नाण्याचे किती येतात, यावर माझं मशीन अडलेलं.

सराफ बाजारात जुनी नाणी घेणारा एक जण बसायचा. त्याच्यापुढे असलं मळकट नाणं न्यायचं? दिवाळीची भांडी घासावीत तसं लख्ख करून, रुमालात बांधून नेलं.

त्याने भिंग लावलं आणि तोंड वाकडं केलं. "वहिनी, हे घासलं कुणी?"

"मीच!" किती ऐटीत सांगितलं, देवा!

"काळं होतं तसंच आणायचं ना. त्या काळेपणाचेच पैसे असतात. आता याला मोडीचा भाव."

घरी येईपर्यंत शेजारीण, भाजीवाली, सराफ, चिंच, सगळ्यांना शिव्या घालून झाल्या. स्वतःला तेवढी एकही घातली नाही. सासूबाई मेथी निवडत होत्या. माझं सगळं रामायण त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, हातातली जुडी खाली ठेवली आणि म्हणाल्या,

"म्हणजे घासता येतं तर तुला! मग ती मोरीतली कढई काय हजारोंना विकायचीय, म्हणून काळी ठेवलीयस?"