चादरीमागं कोणी नव्हतं

हे मी आजवर कोणापाशी बोललो नाही. बायको गेली, तिलेही सांगितलं नाही. अक्षरं मले धड येत नाहीत, तरी लिहून राहिलो — तोंडानं सांगायची छाती नाही.

बाळापुरातली गोष्ट. साता समुद्रापार कुठं लढाई पेटली होती, अन् तिच्यापायी आमच्या काळ्या रानातल्या कापसाले असा भाव आला होता की माणसं रोजा धरून गाड्या हाकत. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत मोहल्ल्यातल्या एकानं तरी मशिदीत एतेकाफले बसावं लागते. चांद दिसेपर्यंत बाहेर पडायचं नाही, साऱ्यांसाठी दुआ मागायची. कोणीच बसलं नाही तर गुनाह साऱ्या मोहल्ल्यावर. त्या साली कोणी तयार होईना. मी म्हटलं, "मी बसतो. तुमी पाहा आपला कापूस." — घमेंडच ती, दुसरं काय?

कोपऱ्यात चादर बांधली. गल्लीकडच्या खिडकीलेही चादर. बाया खिडकीशी येत, आपलं दुखणं सांगत, अन् मी आत हात उचलत असे.

पण चादरीतून गाड्यांची चाकं ऐकू येत. माझा कापूस भाऊ विकून राहिला होता. भोळा माणूस. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा, अन् त्याले दलालाचा हात कळत नसे. एका दुपारी मी हातपाय धुवायच्या निमित्तानं वजूचा लोटा घेऊन उठलो, डोक्यावर घोंगडी घेतली, अन् — तसाच बाजारात गेलो. रुमालाखाली माझा हात गेला. भावानं पाहिलं, मान खाली घातली. मरेपर्यंत तो हे कोणापाशी बोलला नाही.

परत येऊन चादरीमागं बसलो. एतेकाफ तुटला, हे सांगायचं कोणाले? — कोणालेही सांगता आलं असतं. सांगितलं नाही.

दुसऱ्या सकाळी शेजारची रहिमाखाला खिडकीशी आली. "काल दुपारी सांगितलं ते ध्यानात आहे ना रे, बेटा? तू हुं की चूं केलं नाही. म्हटलं, अल्लाशी बोलून राहिला असशील."

काल दुपारी ती कोणाशी बोलली होती? चादरीशी.

काय सांगितलं होतं, हे विचारलं असतं तर पकडला गेलो असतो. म्हटलं, "ध्यानात आहे, खाला."

दिवसभर हात उचलत राहिलो. पण मागू काय? तिनं जे मागितलं ते दे — एवढं तरी म्हणता आलं असतं. तेही म्हटलं नाही. मी कुठं होतो, हे अल्लाले तर ठाऊक होतं.

मग एका सकाळी खिडकीखालून जनाजा गेला. इवलासा, एकाच माणसाच्या हातांवर. बांग देणाऱ्या मियाँले विचारलं. म्हणे, रहिमाखालाचा नातू. तापात होता.

ईदेले ती शिरखुर्म्याची वाटी घेऊन आली. म्हणाली, "तुझ्या दुआनं लेकरू तडफडलं नाही." मी वाटी घेतली. तिच्यासमोर पिलो. सारी.

तवापासून लोक मलेच दुआ करायले सांगतात. अजूनही. इफ्तारीच्या वेळी खजूर हाती घेतो, हात उचलतो. वाटते, आता खिडकीशी मी उभा आहो. सांगून राहिलो, सांगून राहिलो — अन् चादरीमागं कोणी नाही.