एकशे त्रेपन्नचा गेटपास

शेवटचा तास सुरू होता, सातवी ब चा. अनुताईचा फोन मी दोनदा कापला. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "रेखा, बाबा गेले गं." मी म्हटलं, असे कसे गेले, सकाळी तर मीच त्यांना... त्याला आता सहा आठवडे झाले.

अनुताईचे बाबा म्हणजे शंकरकाका, कारखान्याच्या वसाहतीत सेक्टर १० मधले आमचे शेजारी. सगळी नोकरी नंदिनीच्या खाणीत, चुनखडीच्या वजनकाट्यावर. माझं गणित त्यांनीच पक्कं केलं. आज मी शाळेत तेच शिकवून पोट भरते. १५३ वर त्यांचा भारी जीव. तीननं भाग जाणारी कुठलीही संख्या घ्यायची, तिच्या प्रत्येक अंकाचा घन करायचा, घनांची बेरीज करायची, त्या बेरजेचं पुन्हा तसंच. करत राहिलं की शेवटी १५३ येते. आणि १५३ चं केलं तर? एक, एकशे पंचवीस आणि सत्तावीस... पुन्हा १५३च. कुठूनही निघा, घरीच पोचवते, असं ते कौतुकानं सांगायचे.

दोन वर्षांपूर्वी त्यांचं विसरणं सुरू झालं. अनुताई त्यांना पद्मनाभपुरला स्वतःकडे न्यायचा हट्ट धरून बसली होती आणि काकांना तर तिथला दुसरा मजला म्हणजे कोंडवाडा वाटे. मग तिघांत ठरलं. रोज सकाळी मी एक संख्या द्यायची, त्यांनी ती कागदावर १५३ पर्यंत आणायची. आली की मी लाल पेनानं टिक मारायची आणि ते एकटे फिरायला मोकळे. ज्या दिवशी चुकेल, त्या दिवसापासून पद्मनाभपूर. टिक मारलेला कागद खिशात घालताना ते त्याला गेटपास म्हणायचे. एकदा मात्र माझा हात धरून म्हणाले, "बेटा, नुसतं खालचं नको पाहू. मधलं पाय. हा आकडा लई चुका माफ करते." मी हसले. मला वाटलं, जुना मास्तर बोलून राहिला. शाळेची घाई, डबा, आणि रोज ढीगभर वह्या तपासून हाताला लागलेली वाईट खोड... उत्तर पाहायचं, टिक मारायची, पुढची वही.

त्या दिवशी मी ४८ दिले होते. फिरून परतताना काका आमच्या गल्लीत, सडक बारावर आलेच नाहीत, सडक एकवीसवर गेले. तिथल्या, त्यांच्या घरासारख्याच दिसणाऱ्या एका बंद क्वार्टरच्या पायरीवर दुपारी सापडले. एप्रिलचं ऊन, आणि हातात स्वतःच्या घराची किल्ली. ती त्या कुलपात किती वेळ फिरवली असेल, देव जाणे.

तेरवीला अनुताईनं त्यांच्या खिशातला कागद मला आठवण म्हणून दिला. तिला त्यात काही दिसलं नाही. मी घरी येऊन पहिल्यांदा मधलं पाहिलं. ५७६ च्या जागी ५६७. ५१३ च्या जागी ५३१. अंक उलटे पडले तरी त्यांचे घन तेच, बेरीज तीच, म्हणून खाली अगदी बरोबर १५३. बाराचे एकवीस त्या कागदावर सकाळी सातलाच झाले होते. अनुताईला हे सांगायची हिंमत झाली नाही. इथे वाचूनच कळेल तिला. रागावली तर हक्क आहे तिचा.

तो कागद माझ्या टेबलावर आहे. खाली माझी लाल टिक, आणि तिच्या शेजारी काकांच्या कापऱ्या पेन्सिलीनं लिहिलेलं: रेखानं पाहिलं.