नंबर एक पाटलांचाच!

किस्से जमवावे लागत नाहीत. पन्नाशीच्या पुढची चार माणसं घ्या, त्यांना एक सरळ प्रश्न विचारा आणि बाजूला उभे राहा. संध्याकाळपर्यंत टोपलंभर किस्से! आमच्या गावात तर एक डॉक्टर पंधरा दिवस रोज सरळ प्रश्न विचारत होते. म्हणजे माझ्याकडे केवढा साठा असेल, बघा.

गाव आमचं जानेफळजवळचं. रोग नारूचा. ज्यांना झाला नाही त्या नशीबवानांसाठी सांगतो. पायाला फोड येतो, फोड फुटतो आणि त्यातून दोऱ्यासारखा पांढरा किडा डोकं बाहेर काढतो. तो एकदम ओढायचा नाही. तुटला तर पाय सुजून भोपळा! म्हणून काडीला गुंडाळायचा, रोज बोटभर. असा दोन हात लांब किडा. आणि हे सगळं कधी, तर ऐन पेरणीच्या तोंडावर. गेल्या पेरणीला माझी माय पायाला काडी बांधून खाटेवर होती आणि शेत आमच्याकडे बघत होतं.

एका मोठ्या संशोधन संस्थेनं यावर नवं इंजेक्शन तयार केलं होतं. ते खरंच चालतं का, हे पाहायला डॉक्टरांना इकडे धाडलं. तेव्हा आमचं सरकार नागपूरचं, त्यानं परवानगीचा कागद दिला, पाटलांनी चावडी दिली. डॉक्टर पुण्याकडचे. इतके सभ्य, की चावडीतल्या कुत्र्यालासुद्धा "जरा सरकता का?" म्हणायचे.

आणि मी? चिखलीच्या इंग्रजी शाळेतून मॅट्रिकच्या आधीच बाहेर. हेडमास्तरांचं फळ्यावरचं गणित चुकलं, ते मी भर वर्गात सांगितलं. माफी माग म्हणाले. मी म्हटलं, आधी फळा पुसा. झालं शिक्षण! घरी बापानं बजावलं, "मोठ्यायसमोर तोंड उघडू नको." तेव्हापासून मी ते बंदच केलेलं नाही.

*

डॉक्टरांची रीत सोपी होती. येईल त्या रोग्याला नंबर. एक, तीन, पाच यांना काडी, पट्टी आणि वर इंजेक्शन. दोन, चार, सहा यांना नुसती काडी आणि पट्टी. महिन्याभरानं दोघांत फरक दिसला तर तो इंजेक्शनचा. यात न कळण्यासारखं काय आहे?

पण आमच्याकडे पोळ्याला बैलसुद्धा पाटलांच्या बैलाच्या मागे उभा राहतो. पाटलांच्या उजव्या पायात नारू होताच. "नंबर एक माहा," म्हणाले, आणि ऐटीत सुई टोचून घेतली. नंबर दोन पटवारी काका.

"माही सुई कुठं आहे?"

"आपल्याला सुई नाही," डॉक्टर म्हणाले.

"पाटलाले आहे अन् मले नाई? काऊन? मी काय रस्त्यावर पडेल आहो?"

डॉक्टरांनी अर्धा तास शास्त्र सांगितलं. काका उठले. त्यांच्या मागे दोन, चार, सहावाली सगळी रांग उठली! संशोधन पहिल्याच सकाळी बुडालं असतं. शेवटी मी म्हटलं, "काका, सुई नवी आहे. कोणाले काय होईल, कोणालेच माहीत नाई. म्हणून पह्यले पाटलावर करून पाहून राह्यले."

काका शांतपणे बसले. म्हणाले, "मंग माहा दोन नंबरच बरा." मग डॉक्टरांकडे वळून, "अन् पाटलाले आणखीन एक टोचा!"

*

नारू येतो बारवेतून. आमच्या बारवेला थेट पाण्यापर्यंत पायऱ्या आहेत. पाटलांच्या आजोबांनी बांधलेल्या. खाली कोनाड्यात देवी, म्हणून जोडे घालून कोणी उतरायचं नाही. आणि पाटील हजर असले तर त्यांच्या आधी कोणी उतरायचं नाही. नारूवाला माणूस उतरतो, पाय पाण्यात बुडवतो, त्याला आराम पडतो. किडा तेवढ्यात पिल्लं पाण्यात सोडतो. तेच पाणी आपण पितो. वर्षभरानं आपल्या पायातून तो पुन्हा हजर!

हे पटवायला डॉक्टरांनी बारवेच्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि पाटलांना बोलावलं. पाटलांनी एक डोळा मिटला, दुसरा नळीला लावला. बराच वेळ बघत राहिले.

"हाव. वळवळून राह्यले."

"बघा!" डॉक्टर खुशीत. "मग आता?"

"मंग आता नळी धुवा तुमची! एवढी घाण बाहेरून घेऊन आले, अन् आमच्या बारवेले बदनाम करता?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटलांनी नळी धुवायला मुद्दाम एक घागर पाणी पाठवलं. बारवेतलं!

*

पहिल्या पंधरवड्यात डॉक्टर हवेत होते. रोज रोग्यांना विचारायचे, "बरं वाटतंय ना आपल्याला?" आणि प्रत्येक जण हात जोडून म्हणायचा, "आपल्या कृपेनं." सुईवाले बरे. बिनसुईवालेही बरे! डॉक्टरांनी संस्थेला कळवायला कागदसुद्धा काढला होता.

मी तिथं रिकामाच बसलेलो असायचो. म्हटलं, "डॉक्टरसाहेब, आत्ता जो कृपेनं बरा झाला ना, तो माहा बाप आहे. नंबर आठ. त्याले मी पाठीवर घेऊन आलो."

डॉक्टरांची लेखणी थांबली. "मग ते असं का म्हणाले?"

"तुम्ही पाहुणे. पाहुण्याच्या औषधाले कोणी वाईट म्हणते का?"

ही आमच्या थोरामोठ्यांची संस्कृती! पाय सडला तरी चालेल, पाहुण्याचं मन मोडू नये. हीच माणसं मायला उठता येत नव्हतं तेव्हा पेरणी कोण करणार, हे विचारायला एकदाही आली नाहीत. माय पाहुणी नव्हती ना!

दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरांनी मला वही दिली. गावात उद्धट माणूस एकच होता आणि संशोधनाला त्याची गरज होती.

*

मी माझ्या पद्धतीनं सुरू केलं. "अबे बाप्पा, कालच्यापेक्षा जास्त लंगडून राह्यला तू!" की समोरचा सुरू. पाय ठणकते, झोप नाही, कंबर गेली, सून ऐकत नाही! वही भरून गेली.

डॉक्टरांनी वाचली आणि डोकं हलवलं. "माझ्या प्रश्नाला सगळे बरे, तुझ्या प्रश्नाला सगळे मरणाला टेकलेले. तुझा प्रश्न माझ्याहून वाईट आहे. आपण विचारायचंच नाही. पाहायचं."

मग नवी रीत निघाली. चावडीपासून निंबाच्या झाडापर्यंत चालून जायचं आणि परत यायचं. डॉक्टर घड्याळ पाहणार, मी लिहिणार. कोणी काही बोलायचं नाही.

पहिल्याच दिवशी शर्यत लागली! पट्ट्या बांधलेले म्हातारे दात-ओठ खाऊन पळत होते. पटवारी काका माझ्या बापाला मागे टाकायच्या नादात निंबावर आदळले. डॉक्टर ओरडत होते, "अहो, सावकाश! रोजच्यासारखं चाला!"

सावकाश चालले ते फक्त पाटील. इतके सावकाश, की वहीत सगळ्यात वाईट पाय त्यांचा निघाला. मी वाचून दाखवलं तर भडकले, "पाटील कधी घाईनं चालते का बे?"

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "यांचा वेग आपण त्यांच्या स्वतःच्याच कालच्या वेगाशी ताडून पाहू. मानाचं वजन रोज सारखंच असतं."

*

महिन्याभरानं डॉक्टरांनी वहीची बेरीज केली. एकदा केली, परत केली, तिसऱ्यांदा मला करायला लावली. सुईवाले आणि बिनसुईवाले सारखेच लंगडत होते. नव्या इंजेक्शननं काहीच फरक पडला नव्हता.

या इंजेक्शनवर संस्थेत दोन वर्षं काम झालं होतं. डॉक्टर स्वतः त्यात होते. बराच वेळ चष्मा पुसत बसले. मला वाटलं, आता हेही काहीतरी गोड लिहिणार. मोठीच माणसं शेवटी!

"'नाही' हेही उत्तरच आहे," ते म्हणाले. "असं लिहू. म्हणजे पुढचा माणूस हीच वाट पुन्हा चालणार नाही."

अशा उत्तरासाठी मला शाळेतून हाकललं होतं. इथं ते शाईनं लिहिलं!

त्याखाली त्यांनी आणखी लिहिलं. औषध मिळेपर्यंत उपाय एकच. बारवेच्या पायऱ्या बुजवा, वर रहाट बसवा, कोणाचा पाय पाण्याला लागू देऊ नका. मंजुरी द्यायला संस्थेचे मोठे साहेब स्वतः येणार होते. ते हो म्हणाले तर निदान पुढच्या वर्षीच्या पेरणीला माझी माय उभी राहिली असती.

*

हे पाटलांना कळलं. आजोबाच्या पायऱ्या बुजवायच्या? चावडीवर बैठक बसली. "सुईनं सारे बरे झाले म्हणून सांगा," पाटील म्हणाले. "बरे झालो तं पायऱ्यायले हात कोण लावते?" सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या बापानं सगळ्यात जोरात! घरी येऊन मला दम दिला, "साहेबासमोर एक अक्षर बोलशीन तं घरात पाय ठेवू नको."

साहेब आले तेव्हा गाव देखणं दिसत होतं. धोतरं टाचेपर्यंत, लुगडी जमिनीपर्यंत. एक पट्टी दिसेल तर शपथ! पाटलांनी तर चिखलीहून बंद बूट आणवले होते. उन्हाळ्यात! साहेबांनी एकेकाला विचारलं. "आपल्या कृपेनं," "आपल्या कृपेनं." डॉक्टरांनी माझ्या वहीवर बोट ठेवलं. साहेबांनी वही हातात घेऊन पाहिली, मग रांगेकडे पाहिलं. वहीत सगळे लंगडत होते. रांगेत एकही नाही.

"बारव दाखवा," साहेब म्हणाले.

सारं गाव बारवेवर. साहेबांनी कोनाड्यातली देवी वरूनच पाहिली, जोडे काढले, आणि अदबीनं बाजूला झाले. "पाटील, आधी आपण. मान आपला."

पाटलांनी आपल्या बुटांकडे पाहिलं.

बूट घालून उतरता येत नव्हतं. बूट काढता येत नव्हते. आणि पाटील उतरल्याशिवाय कोणालाच उतरता येत नव्हतं. सगळं गाव काठावर, वरून ऊन. साहेब अनवाणी, एक पाय उचलून दुसऱ्यावर ठेवत होते.

साहेबांनी मला विचारलं, "हे का थांबले?"

डॉक्टर माझ्याकडे बघू लागले. बाप डोळे वटारून बघू लागला. मी तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मिटून घेतलं.

"बोल ना बे!" शेवटी पाटीलच खेकसले. घामानं निथळत होते. "रोज तं तोंड चालू रायते तुहं. आज काऊन शिवून घेतलं?"

मी हात जोडले. "पाटील, पाहुण्यासमोर मोठ्यायचं वाईट कसं बोलावं?"

पाटील काठावरच बसले आणि उजवा बूट ओढू लागले. तो निघेना. पटवारी काकांनी टाच धरली. बूट निघाला, पट्टी दिसली, पट्टीत काडी.

काकांनी ती पाहिली, आणि आपलं धोतर वर घेतलं. मग तीन नंबरनं. मग चार. एकही जण पुढे घुसला नाही. माझा बाप आठवा होता, तो आपली पाळी येईपर्यंत थांबला!

साहेबांनी वही माझ्या हातात परत दिली. म्हणाले, "आता यांना चालवून दाखव."

"नंबर एक!" मी ओरडलो.