मिस व्हर्नाची नऊ नावं

व्हर्ना कॉडिल आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात बसते आणि कोणाचंही नाव चुकीचं घेत नाही. यात काय मोठंसं, असं वाटेल. पण आमच्या या केंटकीच्या डोंगरात माणसाला नावानं कोणी बोलावतच नाही. खाणीत नंबर, दवाखान्यात नंबर. व्हर्ना अडतिसाव्या वर्षी कॉलेजच्या खानावळीत बटाटे सोलता सोलता वर्गात जाऊन बसली. उत्तम गुण मिळवले, आणि लॅम्प सोसायटीच्या समारंभात तिचं नाव मोठ्यानं वाचलं गेलं. 'व्हेरा' म्हणून. टाळ्या पडल्या त्या व्हेराला. तेव्हाच तिनं मनाशी ठरवलं की हे काम आपल्या हातात आलं तर असं कोणाचं होऊ द्यायचं नाही.

लॅम्प सोसायटी ही हुशार विद्यार्थ्यांची सोसायटी. सव्वीस वर्षं व्हर्नाच ती चालवते आहे, बिनपगारी. मार्च महिन्यात कचेरीतून वरच्या गुणांच्या पोरांची यादी आली की ती प्रत्येकाला पत्र पाठवायची, मग फोन करायची आणि एवढंच विचारायची, "बाळा, तुझं नाव कसं म्हणतात ते नीट सांग." एरवी अशा समारंभाला नाक मुरडणारी पोरं तेवढ्यावर विरघळायची. एका वर्षी तर त्रेचाळीस जण आले होते आणि पंच, म्हणजे फळांचं सरबत, कमी पडलं होतं.

पुढे खाणी बंद झाल्या. पोरं घरबसल्या कॉम्प्युटरवर शिकायला लागली. कॉलेजची इमारत न बघताच पास होणारे निघाले. गेल्या वर्षी समारंभाला दोघं आले. यंदा सोसायटीच्या मुख्यालयाचं पत्र आलं: समारंभात निदान तिघा नव्या सदस्यांनी स्वतःच्या हातानं वहीत सही केली नाही, तर शाखा बंद आणि सनद परत.

डीन हॅकवर्थ माणूस वाईट नाही, फक्त त्याला सगळं लवकर आटोपायचं असतं. पत्र तिच्या टेबलावर ठेवत तो म्हणाला, "व्हर्ना, तिथून वही तपासायला कोण येतंय? तीन सह्या असल्या म्हणजे झालं."

"मी हे ऐकलं नाही," ती म्हणाली.

"मी पण बोललो नाही," म्हणून तो जेवायला गेला.

यादीत नऊ नावं होती. नऊ पत्रं गेली, त्यातली दोन पत्ता सापडला नाही म्हणून परत आली. बाकीची बहुधा कचऱ्यात गेली असणार, कारण 'आपली निवड झाली आहे' असं सांगणारा प्रत्येक जण हल्ली ठगच असतो. मग तिनं फोन धरला. अनोळखी नंबर आता कोण उचलतो? नऊच्या नऊ फोनांवर 'निरोप ठेवा' लागलं. पण त्याआधी प्रत्येकानं आपलं नाव स्वतःच्या आवाजात सांगून ठेवलेलं होतं. व्हर्नानं एकेक फोन तीनतीनदा लावला आणि नऊही नावं कार्डांवर उतरवून घेतली.

घरी मिस व्हर्नाचा नवरा (इकडे लग्न झालेल्या बाईलाही 'मिस'च म्हणतात), रॉस्को, नाकात ऑक्सिजनची नळी घालून खिडकीशी बसलेला असतो. खाणीनं त्याची छाती खाल्ली, जीभ मात्र शाबूत ठेवली.

"उचलला का गं कोणी?"

"नाही. पण त्या ऑक्टेव्हिआ स्लोनचं नाव नीट कळलं. ती मधल्या अक्षरावर जोर देते."

"म्हणजे पोरगी नाही मिळाली, नुसतं नाव मिळालं."

"तू गप बीन्स खा."

गुरुवारी चार वाजता समारंभ होता. तिनं पांढऱ्या क्रीमचा केक आणला, हिरवा पंच केला, वही उघडून ठेवली. मेणबत्त्या आता बॅटरीच्या असतात, आगीच्या नियमामुळे. जुन्या सदस्यानं आपली मेणबत्ती नव्याच्या मेणबत्तीला टेकवायची आणि नव्यानं खालचं बटण गुपचूप दाबायचं. सगळ्यांना ठाऊक असतं, कोणी हसत नाही.

सव्वाचार झाले तरी खोली रिकामीच होती. चार वीसला दार उघडलं आणि तिघं आत आले. दोन मुली, आणि चाळिशीचा एक गडी. व्हर्नानं मोजलं. तीन. बरोबर तीन. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच तिनं आलेल्या माणसाला नाव विचारलं नाही. विचारलं तर हे तिघं उडून जातील अशी तिला भीती वाटली. तिनं त्यांना पहिल्या रांगेत बसवलं, केक दिला आणि लगेच सुरुवात केली. ज्ञानाबद्दल बोलली, सचोटीबद्दल बोलली. मग आपली मेणबत्ती लावून एकेक नाव वाचू लागली. एवढं नीट तिनं कधीच वाचलं नसेल. नऊ नावं झाली. कोणी उठलं नाही. लाजत असतील, असं तिनं स्वतःला सांगितलं.

तेवढ्यात एका मुलीनं हात वर केला. "मिस व्हर्ना, आमच्या चिठ्ठीवर सही कधी मिळेल? मला पाच वाजता कामावर हजर व्हायचंय."

मानसशास्त्राच्या सरांनी जाहीर केलं होतं की कॉलेजातल्या कुठल्याही कार्यक्रमाला जाऊन चिठ्ठी आणा, पाच गुण जास्तीचे देतो. तिघंही त्या विषयात नापास होत आले होते.

"मला चारच हवेत," दुसरी म्हणाली. "एक उरेल माझा."

त्या गड्यानं मात्र वहीकडे पाहिलं, मग व्हर्नाच्या तोंडाकडे, आणि पेन उचललं. "बाई, सह्या कमी पडताहेत होय? करतो की आम्ही. आमचं काय जातंय?"

व्हर्नाला डीनचं बोलणं आठवलं. कोण येतंय तपासायला? तीन सह्या, आणि पुढच्या मार्चमध्ये पुन्हा यादी, पुन्हा कार्डं. तिला ते फार हवं होतं. मग तिनं वही मिटली.

"नको रे. तुझं नाव त्या यादीत नाही."

"आमचं नाव कुठल्याच यादीत नसतं," तो म्हणाला. राग नव्हता त्यात, हवापाणी सांगावं तसं सांगितलं.

आता तिनं नावं विचारली. डेल्मर आयसन. शेली आणि ब्रिंडा नेपियर, चुलत बहिणी. प्रत्येकाचं नाव एकदा म्हणून बघितलं आणि मग सही केली. चिठ्ठीच्या तळाशी छापलेलं होतं, 'कार्यक्रमातून काय शिकलात?'

"इथं काय लिहू?" शेलीनं विचारलं.

"लिही, नऊ जणांना बोलावलं होतं."

शेलीनं तसंच लिहिलं. उरलेला केक व्हर्नानं त्यांनाच बांधून दिला. तिला रडू आलं नाही, फक्त फार दमल्यासारखं झालं. दारातून शेली मागे वळली.

"मिस व्हर्ना, ती नऊ माणसं खरंच आहेत ना?"

"आहेत तर. मी त्यांचे आवाज ऐकलेत."

मग तिनं मेणबत्ती उलटी केली आणि बटण दाबून विझवली.