नऊ नंबरचा तक्ता

मामू नऊ हा आकडा चुकीचा लिहायचे. रोमन आकड्यांत नऊ म्हणजे आधी एक उभी रेघ आणि मग फुली, हे आपण शाळेत शिकतो. मामू आधी पाचाची टोकदार खूण करायचे आणि तिच्यापुढे चार उभ्या रेघा ओढायचे. कुणी बरोबर करून दाखवलं तर म्हणायचे, "तुमच्या वहीत तसं असंल. आमच्या लाकडावर असंच हाय."

त्यांचं लाकूड म्हणजे मौत का कुआँ. जत्रेत लाकडी भिंतीवरून मोटारसायकल गोल गोल फिरते आणि आपण वरून वाकून बघतो, तो. ती भिंत अखंड नसते. दोन पुरुष उंचीचे फळ्यांचे तक्ते नटबोल्टने एकमेकांना जोडून ती गोल उभी करतात. जत्रा संपली की सगळं सुटं करून ट्रकमध्ये भरायचं आणि पुढच्या गावी पुन्हा उभं करायचं. प्रत्येक तक्ता त्याच्या शेजाऱ्यालाच नीट बसतो, म्हणून त्याला नंबर लागतो. हे नंबर कोरणारे आणि कुआँ उभा करणारे मिस्त्री म्हणजे मामू. पावसाळ्यात जत्रा नसतात, तेव्हा तो सगळा संसार शहागडला आमच्या हायवेलगतच्या पत्र्याच्या शेडात येऊन पडायचा. सोबत मामूही. मागच्या हिवाळ्यात जालन्याला भाच्याच्या घरी ते वारले. आमच्या घरात त्यांची आठवण निघाली की सगळे एकदम बोलायला लागतात आणि धड काहीच सांगून होत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

सगळे त्यांना मामू म्हणायचे, कारण सलीम म्हणायचा. सलीम त्यांच्या बहिणीचा मुलगा. कुआँत मोटारसायकल चालवणारा तोच. त्याचे वडीलही तेच काम करत आणि कुआँतच पडून गेले, एवढं आम्हाला ऐकून माहीत होतं.

रंगाने साधे आकडे का लिहीत नाही, असं मी पहिल्याच वर्षी विचारलं होतं. मामूंनी पटाशीची धार अंगठ्याने चाचपली. "रंग दोन जत्रांत उडून जातो, ताई. कोरलेलं ऱ्हातं. आन् पटाशीला वळता येत न्हाई. तुमचा तीन वळतो, आठ तर बिलकुलच वळतो. हे आकडे कसे, सरळ मारायचे आन् जल्दी मोकळं व्हायचं." हे आकडे ते बदनापूरच्या स्टेशनवर शिकले. तरुणपणी गाडीची वाट बघत तासन् तास बसावं लागे आणि समोर भलंमोठं घड्याळ होतं. घड्याळ बारावर संपतं, तेव्हा पुढचे आकडे त्यांनी आपल्या अकलेने रचले. चौदाला फुलीपुढे सरळ चार रेघा. घड्याळातल्या चारालाही चारच रेघा होत्या, असं ते पुरावा म्हणून सांगत.

रिकामं बसणं त्यांना जमत नसे. आमच्या शिडीच्या पायऱ्या, बाजेचे पाय, धान्याच्या कोठीची झाकणं, सगळ्यांवर त्यांनी नंबर घातले. बाजेच्या पायांवर ते अजून आहेत. पाहुण्यांनी विचारलं की मी सांगते, बाज इटलीहून मागवली. एका पाहुण्याने ते खरं मानलं आणि किंमत विचारली.

मामूंनी आपला खेळ मात्र कधी बघितला नाही. घनसावंगीच्या जत्रेत आम्ही सगळे एकदा गेलो होतो. आम्ही वर, सलीम आत, आणि मामू खाली बाहेरच्या बाजूने भिंतीला तळहात लावून उभे. गाडी फिरायला लागली की तक्ते धडधडतात. ती धडधड हाताला कळते म्हणे. खेळाआधी ते प्रत्येक सांध्यावरून हात फिरवत एक फेरी मारायचे आणि "बराबर" म्हणायचे. तो शब्द कानावर पडल्याशिवाय सलीम किक मारायचा नाही. त्या दिवशी एका सांध्यापाशी मामू थांबले ते थांबलेच. लोकांनी शिट्ट्या मारल्या, कुआँचा मालक ओरडून ओरडून लाल झाला. मामू बोल्ट उघडून पुन्हा आवळत राहिले. "पब्लिक थांबंल," एवढंच म्हणाले. पब्लिक थांबली.

नवाची गोष्ट त्यांनी मला एका पावसाळी दुपारी सांगितली, पटाशीला धार लावता लावता. आवाज नेहमीचाच होता. "पहिलं मी बी नऊ तुमच्यावानीच लिव्हायचो. रेघ आन् फुली. अकरा म्हंजे फुली आन् रेघ. पण तक्त्याला डोकं कुठं असतं, ताई? उलटा धरला की अकराचा नऊ व्हतो, नवाचा अकरा. अंधार पडत आल्ता, पोरांनी दोन्ही तक्ते उलटे धरून येकमेकांच्या जागी बसवले. आकडे बराबर दिसत व्हते. सांध्याला बोटभर पायरी ऱ्हायली. दाजीचं पुढचं चाक तिथंच आदळलं."

दाजी म्हणजे सलीमचे वडील. तेव्हापासून त्यांचा नऊ चार रेघांचा झाला. आता कुठे रेघ-फुली दिसली की समजायचं, अकरा उलटा आहे. मी विचारलं, सलीमला हे ठाऊक आहे का? मामूंनी नाही अशी मान हलवली. "त्याला वाटतं, गाडी बिघडल्ती."

त्यानंतर मला त्यांची एक सवय नीट कळली. दरवर्षी माल उतरवायला सलीम आला की ते त्याला एकदा विचारायचेच, "बस झालं ना आता? जालन्याला स्टीलच्या कारखान्यात लागतो का?" सलीम हसायचा. "मामू, तुमी बराबर म्हणता तोवर मला काय व्हनार हाय?" या उत्तराने दुसरा कुणी खूश झाला असता. मामू त्या रात्री जेवत नसत. मी एकदा चिडून म्हटलं, मग नका ना म्हणू बराबर! ते म्हणाले, "जुळलेल्याला जुळलं न्हाई कसं म्हणू, ताई?"

शेवटच्या वर्षी दिवाळीनंतर नेहमीसारखा ट्रक आला. मालक तक्ते मोजून चढवून घेत होता. नऊ नंबर सापडेना. शेड उलथंपालथं केलं. मालक मला म्हणाला, तुमच्या गड्यांनी विकला असेल. मीही मग त्याला बोलायचं काही बाकी ठेवलं नाही. शेवटी तो मामूंकडे वळला. "दोन दिवसांत नवा करा."

"हात थरथरत्यात, मालक."

"मंग दुसरा मिस्त्री आणतो!"

"आणा. बराबर म्हणायला बी दुसराच आणा."

मालक पाय आपटत गावात मिस्त्री शोधायला गेला. सलीम मात्र जागचा हलला नव्हता. तो मामूंच्या हातांकडे बघत होता. ते जराही थरथरत नव्हते. मामू उठून शेडामागे गेले, तसा तोही गेला, आणि मला राहवलं नाही म्हणून मीही.

मागे तीन दगडांच्या चुलीवर चहा ठेवला होता. मामू एरवी बाभळीच्या काटक्या जाळायचे. आज चुलीत जुनं, तेल प्यालेलं सागवान होतं. करवतीने कापलेल्या तुकड्यांची थप्पी बाजूला होती आणि जळत्या लाकडाच्या बाहेर राहिलेल्या टोकावर पाचाची खूण आणि चार रेघा स्पष्ट दिसत होत्या.

"मामू," सलीम म्हणाला, "माझी रोजी जाळली तुमी."

"व्हय."

"का?"

मामूंनी त्याच्याकडे बघितलं नाही. "तुझा बाप गाडीनं न्हाई पडला, बेटा. नऊ आन् अकराची अदलाबदल झाल्ती. आकडे माझे व्हते. त्या दिवशी बी मी फेरी मारली, आन् नुसते आकडे बघून बराबर म्हणलो."

हायवेवरून ट्रक जात होते. मला सलीमची भीती वाटली. चांगला धिप्पाड माणूस, त्याच्या मुठी वळलेल्या होत्या, आणि मामू त्याच्या पुढ्यात पाठ वाकवून बसले होते, जसे काही मार खायलाच बसले असावेत. चहा उतू जायला लागला तरी त्यांनी हात पुढे केला नाही.

सलीमने खाली बसून फडक्याने भांडं उतरवलं. मग त्या लाकडाचं बाहेर राहिलेलं टोक धरून त्याने ते चुलीत पार आत सारलं, आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, "साखर टाकली का?"